तो ‘निरंक’ खोटा होता : गटशिक्षणाधिकारी साहेबांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व गटशिक्षणाधिकारी, शिक्षण विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख यांस

विषय : हातात आधीच काम असताना नव्या कामाला ‘नाही’ म्हणण्याबाबत

महोदय / महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट ४१. नोकरीला १७ वर्षं झाली. शाळेत आम्ही दोघंच, मी आणि एक तरुण गुरुजी. ते अजून शिक्षण सेवक आहेत. पट १५० च्या वर गेल्याशिवाय प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळत नाही, त्यामुळे सेवाज्येष्ठ म्हणून तो पदभारही माझ्याकडेच. शाळेचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं, तर हे पत्र एका साहेबांविरुद्धची तक्रार होऊन बसेल. मी चार-पाच साहेबांच्या हाताखाली काम केलं, त्यातल्या एकाशीही माझं वाकडं नव्हतं.

आधी एक कबुली देते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना. सकाळी पावणेबाराला आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आला : ‘शाळाबाह्य, अनियमित व स्थलांतरित बालकांची माहिती सोबतच्या प्रपत्रात आज दुपारी ४ पर्यंत सादर करावी. निरंक असल्यास निरंक कळवावे. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील.’ त्या दिवशी गुरुजी बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामासाठी तहसीलला गेलेले. चारी वर्ग माझ्याकडे. पोषण आहाराचा तांदूळ नेमका त्याच दिवशी उतरणार होता, तो मोजून घ्यायचा होता. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, सात मुलांची नावं आधारशी जुळत नव्हती, त्याचीही मुदत संपत आलेली.

आमचं गाव उसाच्या पट्ट्यातलं. कारखाना दोन-अडीच किलोमीटरवर. दिवाळी झाली की ओढ्यापलीकडच्या माळावर बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येऊन कोपी, म्हणजे झोपड्या, घालतात. शाळेच्या मागच्या दारातून त्यांच्या चुलींचा धूर दिसतो. चालत जायला वीस मिनिटं, यायला वीस मिनिटं. पण चार वर्ग टाकून जाणार कशी? तीन वाजून पन्नास मिनिटांनी मी शीट उघडली, आमच्या शाळेच्या ओळीत सगळ्या रकान्यांत शून्य भरलं आणि शेऱ्यात ‘निरंक’ लिहिलं. ओळ हिरवी झाली. ग्रुपवर ‘धन्यवाद मॅडम’ आलं.

फेब्रुवारीत एका दुपारी मुलं खिचडी खायला बसलेली असताना फाटकाशी एक मुलगा उभा दिसला. आठ-नऊ वर्षांचा असेल. कडेवर धाकटी बहीण. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी काही न विचारता दोघांना ताटली वाढली. मी जवळ जाऊन विचारलं, “कितवीत आहेस रे?” म्हणाला, “तिसरीत. गावाकडं.” “इथं कधी आलास?” “दिवाळी झाल्यावर.” जेवून झाल्यावर तो वर्गाच्या दारात आला. फळ्यावर सकाळचे जोडाक्षरांचे शब्द तसेच होते. पुस्तक, रस्ता, कष्ट, चष्मा. पहिले दोन त्याने वाचले. ‘कष्ट’पाशी अडला. ‘क’ म्हणाला, थांबला, पुन्हा ‘क’ म्हणाला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “बाई, ह्ये मला येत हुतं.”

त्या टोळीत शाळेच्या वयाची पाच मुलं निघाली. पुढचे पाच आठवडे ती आमच्याकडे बसली, बहिणीला मांडीवर घेऊन तोही बसला. मग हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला आणि टोळी निघून गेली. जाताना पाचही जणांना शिक्षण हमी कार्ड लिहून दिलं, म्हणजे पुढच्या शाळेत त्यांचं शिक्षण चालू राहावं, त्याच्या गावच्या शाळेत फोन करून तो पोचल्याची खात्रीही केली. पण डिसेंबर ते फेब्रुवारी हे त्याचे दोन महिने माझ्या एका शब्दाने गेले. तो शब्द मी लिहिला होता. त्याबद्दल मला आजतागायत कुणी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही, कारण कागदावर माझं काम वेळेत झालेलं आहे.

साहेब, त्या दिवशी ‘आज शक्य नाही, दोन दिवस द्या’ एवढं मी लिहू शकले असते. तसं लिहिता येतं, हेच मला सुचलं नाही. तोपर्यंत ग्रुपवर मी एकच उत्तर देत आले होते, ‘होय सर’. आपल्या खात्यात ‘नाही’ म्हणणारा आणि कामचुकार यांत फरक करत नाहीत. त्यातून गावात ‘मास्तरांना काय, बसून पगार’ हे ऐकून ऐकून आमच्याच मनात अपराधी भाव बसलेला असतो. मग जमत नसलं तरी माणूस होय म्हणतो. आणि होय म्हटल्यावर ते काम कुठून तरी कापून काढावं लागतं. झोपेतून काढता येतं, रविवारातून काढता येतं. तेही संपलं की ते मुलांच्या तासातून निघतं, नाहीतर खरेपणातून निघतं. माझं दोन्हींतून निघालं.

हिशेब मांडते, कारण आम्ही कामाला कंटाळतो असा समज आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन वर्ग, तेव्हा त्या चार तासांतले साधारण दोन तासच एका वर्गाला शिक्षक प्रत्यक्ष मिळतो. उरलेल्या वेळात ती मुलं स्वाध्याय करतात, पाढे लिहितात, एकमेकांचं बघतात. दोघांतला एक जण बाहेर गेला की वर्गाला तास उरतो एक. त्या एका तासात हजेरी, तांदळाचं मोजमाप, ४१ मुलांना ४ किलो १०० ग्रॅम, दोन गैरहजर असली तर ३ किलो ९००, शिजल्यावर चव घेऊन चव नोंदवहीत सही, जेवणाऱ्या मुलांचा आकडा ॲपवर. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मुलांचं जेवण हे माझंच काम आहे, आणि मावशी चांगल्या आहेत म्हणून आमच्याकडे ते नीट चालतं. पण यानंतर जे उरतं त्यातून ‘आज चारपर्यंत’ काढायचं असतं.

त्याच कायद्याचं कलम २७ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ, संसद यांच्या निवडणुकीची कामं, एवढं सोडून शिक्षकाला कुठल्याही बिगर-शैक्षणिक कामाला लावता येत नाही. ही तिन्ही कामं आम्ही करतो आणि करत राहू. महापुराच्या वेळी आमची शाळाच निवारा होती, मी चार रात्री तिथेच होते. तेव्हा कुणी आदेश काढायची वाट पाहिली नव्हती. मतदार यादीच्या कामाबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २००७ च्या निकालात सांगून ठेवलं आहे की शिक्षकांना ते सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं, शाळेच्या दिवशी शाळेच्या वेळात सहसा देऊ नये. हा निकाल कायद्याच्याही आधीचा. शिकवण्याच्या तासाला हात लावू नका, हे देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाला कळतं, आणि मी मात्र ग्रुपवर ते टाइप करायला घाबरते.

आणि यादी तर वाढतच असते. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी आम्ही दारोदार फिरलो. त्याआधी २०२३ मध्ये नवभारत साक्षरता कार्यक्रमाचं निरक्षरांचं सर्वेक्षण आलं, त्यावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला. तेव्हा संघटना पाठीशी होती, पेपरात बातम्या येत होत्या. पण रोजचं छोटं काम असतं ना, एक लिंक, एक फोटो, एक प्रपत्र, त्यावर कोण बहिष्कार टाकणार? तिथे ज्याचं तोच एकटा असतो. मला वाटतं मोठ्या सर्वेक्षणांपेक्षा या बारक्या कामांनीच आमचे वर्ग जास्त पोखरले आहेत.

फेब्रुवारीतल्या त्या मुलानंतर मी एक साधी वही घातली. येणारं प्रत्येक काम, ते कधी आलं, मुदत किती, लागलेला वेळ. एका जुलैत ‘तात्काळ’ किंवा ‘आजच’ असं लिहिलेले ४७ संदेश निघाले. त्यातली बरीच माहिती आम्ही यू-डायस प्लसवर आधीच भरलेली होती. शौचालयं किती, वीजजोडणी आहे का, संरक्षक भिंत आहे का. आमच्या शाळेची भिंत १२ वर्षांपासून अर्धीच आहे, आणि ती अर्धी आहे हे मी त्या एका वर्षात पाच वेळा कळवलं.

मग एके दिवशी मी पत्र लिहिलं. त्याचा मजकूर इथे देते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि दुसऱ्या कुणा बाईंना, गुरुजींना उपयोग झाला तर व्हावा.

‘विषय : शाळेकडील कामांचा प्राधान्यक्रम ठरवून मिळणेबाबत. महोदय, आजच्या संदेशान्वये मागवलेल्या माहितीस अंदाजे सहा तास लागतील. शाळेकडे याच मुदतीत पुढील कामे आहेत : आधार दुरुस्ती ७ विद्यार्थी, अंदाजे पाच तास, संकलित चाचणीचे गुण भरणे ४१ विद्यार्थी, अंदाजे चार तास, शालेय पोषण आहार मासिक अहवाल, अंदाजे दोन तास. सहकारी शिक्षक निवडणूक कामी असल्याने शाळेत एकच शिक्षक उपस्थित आहे. अध्यापनाचे तास कमी न करता सदर माहिती येत्या सोमवारपर्यंत देता येईल. त्यापूर्वी हवी असल्यास वरीलपैकी कोणते काम मागे ठेवावे, याबाबत लेखी आदेश व्हावेत, ही विनंती.’

जावक क्रमांक टाकला, सही-शिक्का केला, फोटो काढून पाठवला. पाठवताना हात कापत होते, हे खरं सांगते. १७ वर्षांत ‘नाही’च्या जवळ जाणारं हे माझं पहिलं वाक्य होतं.

अर्ध्या तासात केंद्रप्रमुखांचा फोन आला. “मॅडम, असं लेखी कशाला देता? तोंडी सांगायचं होतं.” ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. दुसऱ्या दिवशी तालुक्यातून नोटीस आली : कार्यालयीन कामात टाळाटाळ केल्याप्रकरणी आपणावर शिस्तभंगाची कारवाई का प्रस्तावित करू नये, याचा खुलासा २४ तासांत सादर करावा. मी रात्री घरी कुणाला सांगितलं नाही. सकाळी खुलासा लिहिला. त्यात नवीन काहीच नव्हतं. तीच चार कामं, तेच तास, आणि वहीच्या पानाची झेरॉक्स. काम करण्यास नकार दिलेला नाही, क्रम विचारला आहे, एवढी एक ओळ जास्त.

सहा दिवस काही आलं नाही. सातव्या दिवशी बीटच्या विस्तार अधिकारी मॅडम शाळेत आल्या. वही मागून घेतली, चष्मा लावून पानं उलटत बसल्या. खूप वेळाने म्हणाल्या, “यातल्या दोन माहित्या आमच्याकडेच आहेत हो. कुणी बघतच नाही.” तिसरी मी सोमवारी दिली. चौथ्या कामाला शेवटी रविवार गेलाच. मॅडमनी निघताना शेरेपुस्तकात लिहिलं : ‘अध्यापन समाधानकारक. कार्यालयीन कामात सहकार्य अपेक्षित.’ ते दुसरं वाक्य अजून तिथेच आहे. मला ते वाचून वाईट वाटतं. त्यांना ते लिहावं लागलं, हेही मला समजतं.

म्हणून आता थोडं तुमच्याबद्दल लिहिते. रागावू नका.

त्या वहीमुळेच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ‘आज चारपर्यंत’ म्हणून आलेल्या एका संदेशाला मूळ पत्राची पीडीएफ जोडलेली होती. आम्ही ती कधी उघडत नाही, वेळच नसतो. त्या दिवशी उघडली. पुण्याहून निघालेल्या त्या पत्रात मुदत ११ दिवसांची होती. जिल्ह्याने आपल्या संकलनासाठी चार दिवस राखले, तालुक्याने तीन राखले, मधे शनिवार-रविवार गेला, एक दिवस पत्र कुणाच्या तरी टेबलावर राहिलं. केंद्रापर्यंत यायला ११ दिवसांचे चार तास झाले. यात कुणी वाईट वागलं नाही. प्रत्येकाने वर ‘होय सर’ म्हटलं आणि आपला दिवस वाचवून ओझं खाली दिलं. खाली शेवटी मी होते. माझ्याही खाली कुणी असणार, तसं ते होतं. चौथीतली मुलं होती. मी त्यांना पाढे लिहायला बसवलं.

तुमच्याकडेही माणसं कमी आहेत. एकेका केंद्रप्रमुखांकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार आमच्याच भागात आहे. सकाळी व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स), दुपारी आढावा बैठक, संध्याकाळी पुन्हा व्हीसी. शाळाभेटीला आलेले साहेब व्हरांड्यात फोनवर ‘हो सर, देतो सर, आजच देतो’ म्हणत येरझाऱ्या घालतात आणि वर्गात पाय न ठेवता जातात, हे मी पाहिलं आहे. वर्गात यायची त्यांची इच्छा असते. ते पूर्वी शिक्षकच होते. खडू हातात घेतला की चेहरा बदलतो त्यांचा. तेव्हा माझी पहिली विनंती ही की वरून येणाऱ्या कामाला तुम्ही एकदा क्रम विचारा. माझ्या ‘नाही’ला फार किंमत नाही, ते एका वाडीवरच्या शाळेचं आहे. तालुक्यातल्या सगळ्या शाळांचं मिळून एक ‘नाही’ तुमच्या सहीने जिल्ह्याला गेलं, तर ते वाचावं लागेल.

ओझं किती झालं म्हणजे जास्त, हे ठरवायला कुणाचा तरी जीव जायची वाट पाहावी लागू नये. २०२५ च्या अखेरीस इतर राज्यांत मतदार याद्यांची विशेष सखोल पडताळणी सुरू असताना बीएलओंच्या मृत्यूच्या, आत्महत्यांच्या बातम्या आपण वाचल्या. ४ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की या कामासाठी जादा कर्मचारी द्या, आणि एखाद्याने खरी अडचण सांगून सूट मागितली तर त्याचा प्रकरणनिहाय विचार करा. त्या बातम्या वाचून आमच्या ग्रुपवर दोन दिवस कुणी काही बोललं नाही. आमच्यातले कितीतरी जण बीएलओ आहेत. माझे गुरुजी आहेत. रात्री साडेदहाला त्यांच्या मोबाईलवर ‘आपल्या भागाचे काम किती टक्के’ असा संदेश येतो, ते त्यांच्या बायकोने मला सांगितलं.

त्या गुरुजींचं जरा वेगळं लिहायला हवं. शिक्षण सेवकाची तीन वर्षं म्हणजे मानधनावरची नोकरी. ६ हजार होते, २०२३ पासून १६ हजार झाले. तीन वर्षं नीट गेली तर नियमित वेतनश्रेणी. आता या पोराला कुणी दुपारी सांगितलं की केंद्राच्या शाळेत येऊन सगळ्या केंद्राची शीट भरून द्या, तर तो नाही म्हणेल का? तो म्हणूच शकत नाही. संगणक चांगला येतो म्हणून त्याला वर्षभरात दुसऱ्या शाळांची, कार्यालयाचीसुद्धा कामं सांगितली गेली. तो मुलांना फार सुंदर शिकवतो. दुसरीच्या मुलांना घेऊन ओढ्यावर जातो आणि दगडांवर दशक-एकक मांडतो. ज्या दिवशी तो शाळेत असतो त्या दिवशी पोरं सुट्टी झाली तरी घरी जात नाहीत. त्याच्या वतीने ‘नाही’ मी म्हणायला हवं होतं, मी सेवाज्येष्ठ आहे. पहिलं वर्षभर म्हटलं नाही. आता म्हणते. त्याला शाळेच्या वेळात बोलावणं आलं की मी फोन स्वतः घेते आणि सांगते, लेखी आदेश पाठवा, मी कार्यमुक्त करून पाठवते. बहुतेक वेळा लेखी आदेश येत नाही. तोंडी मागितलेल्या किती कामांना खरोखर गरज असते, हे मला त्यावरून कळलं.

दुसरी मागणी म्हणा, विनंती म्हणा : कुणी शिक्षक आपल्या कामांची यादी देऊन ‘यातलं आधी कोणतं?’ असं विचारत असेल, तर त्याला खुलाशाची नोटीस काढू नका. तो काम टाळत असता तर त्याने यादी केलीच नसती. टाळणारा माणूस सोपी वाट धरतो, निरंक लिहितो. मी धरली होती. आमच्या कुठल्याही शीटमध्ये तुम्हाला सगळ्या ओळी हिरव्या दिसल्या, तर समाधान मानू नका, दोन शाळांत जाऊन बघा. उंची-वजनाचे किती आकडे काट्यावर उभं करून घेतलेले आहेत आणि किती मागच्या महिन्यात अर्धा किलो मिळवून लिहिलेले आहेत, ते विचारा. मायेने विचारलंत तर सांगतील सगळे.

ऑगस्ट २०२४ मध्ये शासनानेच शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती, याचा निर्णय काढला. चांगलं झालं. पण यादीने माझा प्रश्न अर्धाच सुटतो. चाचणीचे गुण भरणं शैक्षणिकच आहे, पोषण आहार आहे, आधार दुरुस्तीही मुलांच्या भल्याची आहे. एकेक काम उचलून बघितलं तर प्रत्येकाला कारण आहे, आणि प्रत्येक काम पाठवणाऱ्याला वाटतं की माझं तर एवढंसंच आहे. सगळी एका माणसाच्या हातात किती झाली, हे मोजायची जागा आपल्या खात्यात कुठेही नाही. ती केंद्रात करता येईल. केंद्रप्रमुखांच्या टेबलावर एक साधा तक्ता असावा : कुठल्या शाळेकडे या आठवड्यात काय काय चालू आहे. नवं काम पाठवण्याआधी त्यावर नजर टाकायची. एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळा असेल तर आधी फोन करून विचारायचं, ‘बाई, हे घेता येईल का, आणि कधीपर्यंत?’ एवढंच. विचारलं तर मी बहुतेक वेळा होच म्हणेन. आणि त्या होला काही अर्थ असेल.

आणखी एक, छोटं. अकरा ते साडेचार ग्रुपवर संदेश टाकू नका. आपत्ती असली तर फोन करा. बाकीचं साडेचारनंतर टाका. आमच्या शाळेत मी जून महिन्यापासून मोबाईल कपाटात, खडूच्या खोक्याशेजारी ठेवते आणि साडेचारला काढते. याची माहिती कार्यालयाला लेखी दिलेली आहे. उत्तर आलेलं नाही, म्हणजे हरकत नाही असं मी धरून चालले आहे.

जाता जाता माझ्या सहकारी बायांना. आपल्याला घरी आणि शाळेत दोन्हीकडे ‘जमेल तुला’ म्हणून काम दिलं जातं, आणि जमतं म्हणून आणखी दिलं जातं. मला माझ्या नणंदेने विचारलं होतं, तू ऑफिसात भांडायला का लागलीस? मी भांडले नाही. मी तास मोजले आणि लिहून दिले. तुम्हीही वही घाला. भांडण्याची वेळ आली तर ती वही तुमच्या बाजूने बोलेल, नाही आली तर निदान संध्याकाळी कळेल तरी, दिवस कुठे गेला.

साहेब, हे पत्र लिहिताना शाळेच्या मागच्या दारातून पुन्हा धूर दिसतो आहे. यंदाच्या टोळ्या आल्या आहेत. लांबून मी ११ कोपी मोजल्या, मुलं किती ते इथून कळत नाही. स्थलांतरित बालकांचं प्रपत्र काल आलं, मुदत शुक्रवारी दुपारी ४ ची आहे. शुक्रवारी गुरुजी पुन्हा तहसीलला आहेत, त्यामुळे मला वर्ग सोडता येणार नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी आणि मावशी माळावर जाऊन येतो, कोपीकोपीत विचारून नावं, वयं, मागची शाळा लिहून आणतो. माहिती सोमवारी मिळेल. तसं मी लेखी कळवलं आहे, जावक क्रमांक टाकून. शीटमध्ये आमची ओळ तोवर लाल दिसेल.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका